उसनी बायको

"आजी, माझी बायको कुठे ठेवलीस?"

आतल्या खोलीतून नातीची हाक आली आणि माझ्या हातातला काचेचा पेला सुटला. फरशीवर त्याचा चुरा झाला. सून धावत आली. "आई, जागच्या हलू नका, पायात काच जाईल," म्हणाली आणि झाडू घेऊन खाली बसली. "हात ओला होता," मी म्हटलं. हात कोरडा होता. हा शब्द या घरात कुणी मोठ्याने उच्चारून कितीतरी वर्षं झाली होती, आणि पोरीला तो कुठून मिळाला हेच मला कळेना.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. आमच्या फौजेत सुई-दोऱ्याच्या बटव्याला बायको म्हणतात. कापडाची हातभर पट्टी, तिला आतून कप्पे, कप्प्यांत सुया, दोरा, थोड्या सुट्या गुंड्या आणि बोटभर कात्री. गुंडाळून नाडी बांधली की मुठीत मावते. घरापासून लांब गेलेल्या माणसाचं फाटलं-तुटलं सांभाळते, म्हणून बायको. माझ्या तरुणपणी छावणीत यावरून विनोदांना खळ नसे. "साहेबांची बायको हरवलीय, सगळे शोधा." "माझी बायको गंजली रे." "दोन-दोन बायका बाळगतोस, लाज नाही वाटत?" लग्न होऊन नवी आलेली मुलगी हे ऐकून पहिल्या दिवशी रडायची आणि थोड्या दिवसांत स्वतःच तसले विनोद करायला लागायची. मीही त्यातलीच.

नात फौजेत आहे. तिची तुकडी आता समुद्रापलीकडे परक्या देशात निघालीय. तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर नुसतं सामान. मी दाराशी उभी राहून परीक्षा घ्यायला लागले.

"बूट नवे आहेत?"

"घालून फिरतेय कधीची. चावायचे बंद झाले."

"नाड्या जास्तीच्या?"

"घेतल्या."

"मोजे लोकरीचे?"

"आजी, आता वेगळे मिळतात. घाम शोषून घेणारे."

"शोषू देत. लोकरीचे दोन टाक. आणि दोरी?"

"दोरी कशाला?"

"कपडे वाळत घालायला. फौज तुला बंदूक देईल, दोरी देणार नाही."

सून केर भरता भरता म्हणाली, "त्यापेक्षा आजीलाच पिशवीत भर. सगळं एका जागी मिळेल."

नात हसली. उश्या उचलून खाली शोधत म्हणाली, "पण बायको कुठाय माझी? इथेच होती."

"हा शब्द तुला कुणी शिकवला?"

"सगळे म्हणतात की. आम्ही मुलींनी नवरा म्हणून पाहिलं थोडे दिवस. पण नवरा काही शिवत नाही, म्हणून परत बायकोच."

बायको सापडली. बुटात होती. दुकानातून आणलेली प्लास्टिकची डबी, आत केसासारख्या सुया आणि हिसडा दिला की तुटेल असा दोरा. मी डबी परत तिच्या हातात ठेवली.

"मग तूच शिवून दे ना आजी," ती म्हणाली. "आणि त्यावर ती तुझी काट्याची खूण घाल. बाबा म्हणतात, तू पूर्वी सगळ्यावर घालायचीस."

"बटवा देते शिवून. खूण नाही घालणार."

"का?"

सून केर घेऊन आत निघून गेली होती. मी पलंगावरचं सामान सरकवून बसले.

तिच्याएवढी होते तेव्हा मी छावणीच्या शिवणखोलीत कामाला होते. पत्र्याचं लांबलचक छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या, मधोमध टेबलांची रांग. एका टोकाला इस्त्रीवाल्या, दुसऱ्या टोकाला आम्ही दुरुस्तीवाल्या. गरम ओल्या लोकरीचा वास असायचा, कुत्रं भिजून आल्यासारखा. अजून कुठे लोकरीवर इस्त्री फिरली की मी क्षणभर थांबते.

माझ्या शेजारी गुंडी बसायची. गुंडी म्हणजे बटण, हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. ती ठेंगणी, गोल, आणि काम करताना ओठांत कायम एखादी गुंडी धरलेली, म्हणून हे नाव. बोलायची तीही ओठ न उघडता. तिच्या शिव्या ऐकायच्या तर जवळ कान न्यावा लागे. तिचा नवरा उंच आणि सडपातळ, तो बांबू. दोघं रस्त्याने निघाली की पोरं मागून ओरडत. तिला त्याचं काही नसे. चारचौघांत ती नवऱ्याला अरे-तुरे करायची, त्या काळात!

आमचे हे आणि बांबू एकाच तुकडीत, दोघंही मालट्रकवर ड्रायव्हर. हे मोजकं बोलणारे, बांबू बडबड्या. ह्यांना सुई धरता येत नसे. गुंडी तुटली की तारेने बांधत. मी रागावले की म्हणत, "पक्की बसलीय ना? मग झालं."

बांबूला मात्र गुंडी लावता यायची, कारण त्याचं लग्नच त्यावर ठरलं होतं. तो कोट दुरुस्तीला घेऊन यायचा, मुद्दाम गुंड्या तोडून. सगळी शिवणखोली ओळखून होती. शेवटी गुंडीने त्याला सांगितलं, "स्वतः लावायला शिक, मग बघू." आणि शिकवलंही तिनेच. जाड कापडावर गुंडी नुसती दाबून शिवायची नाही. गुंडी आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी ठेवायची, टाके घालायचे, मग काडी काढून मधल्या दोऱ्यांना दोऱ्याचे वेढे द्यायचे. त्याला मान म्हणतात. मान असली की गुंडी मोकळी बसते, कापड ओढत नाही. "गुंडीला मान द्यायची असते, समजलं?" असं ती बांबूला सांगे, आणि तो सगळ्या बायकांसमोर वाकून नमस्कार करी.

पण त्याच्या हातून वेढे नेहमी जास्त व्हायचे. काडीही तो एक नाही, दोन ठेवायचा. त्याची गुंडी कापडावरून वर उठून डोकावत राही. गुंडी तिला जिराफ म्हणायची. "आज किती जिराफ पाळलेस?" विचारायची. तो म्हणे, "मी लांब, माझी मानही लांब. तुला काय करायचंय?"

खुणांचंही सांगते. सगळ्या छावणीचे कपडे एकाच धुलाईत जात. शाईने घातलेले नंबर दोन धुण्यांत पुसट होत, म्हणून घरोघरी बायका रंगीत दोऱ्याने आपली खूण घालत. गुंडीची निळी फुली. माझा शेंदरी मच्छीकाटा. तिरपे टाके एकमेकांवरून गेले की माशाच्या काट्यासारखे दिसतात, तोच. गुंडी मला काटे म्हणायची. ह्यांच्या बनियनपासून हातरुमालापर्यंत सगळ्यावर मी तो घातलेला. तुकडीत त्यावरून ह्यांची इतकी थट्टा व्हायची, की काटा दिसला की वस्तू कुणाची हे विचारावंच लागत नसे.

मग तुकडीला परदेशी जायचा हुकूम आला.

आम्ही दोघींनी मिळून सामान बांधलं. माझ्या खोलीत, जमिनीवर. तेव्हाही मोजे, नाड्या, दोरी, साबणाची पत्र्याची डबी, पायाला लावायची पावडर. दोन्ही बायका मी शिवल्या, उरलेल्या कोटाच्या कापडातून. गुंडीने बांबूच्या बटव्यावर फुली घातली, मी ह्यांच्या बटव्यावर काटा घातला. हे म्हणाले, "मला कशाला? मला तार पुरते." बांबू म्हणाला, "घे रे. वहिनी सोबत आहेत असं वाटेल."

गुंडी म्हणाली, "आणि तुला काय वाटेल?"

"मला वाटेल, सुटलो."

तिने त्याला साबणाची डबी फेकून मारली. कपाळाला लागली. निघताना त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं, आणि स्टेशनवर ती सारखी टाचा उंचावून ते बघत होती.

ते गेल्यावर बराच काळ सगळं सुरळीत होतं. आम्ही कपडे शिवत होतो. मग एका दुपारी शिवणखोलीच्या दारात छावणीचे मोठे साहेब उभे राहिले. हातात टोपी.

साहेब टोपी काढून दारात आले की सगळ्या मशिनी बंद पडतात. कुणी सांगावं लागत नाही. इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. आम्ही सगळ्या जणी त्यांच्या बुटांकडे बघत होतो, ते कुणाच्या टेबलाकडे वळतात म्हणून. ते आमच्या टेबलाकडे वळले. मी आणि गुंडी शेजारी शेजारी, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत कळेना कुणाकडे. त्यांनी माझं नाव घेतलं.

ते काय म्हणाले ते शब्द मला आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की त्यांच्या टोपीच्या आतल्या कडेला घामाचा पांढरा डाग होता आणि मी मनात म्हणत होते, हा सोड्याने निघेल.

गाडी डोंगरातून उतरताना दरीत गेली होती आणि पेटली होती. ओळख पटण्यासारखं काही उरलं नव्हतं. कागदावर ती गाडी ह्यांच्या नावावर होती. मृताच्या खिशात बटवा सापडला, त्यावर शेंदरी काटा. तिथेच पुरलं.

"आणि माझा?" गुंडीने विचारलं. तिच्या ओठांतली गुंडी केव्हा पडली तिला कळलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "ते सुखरूप आहेत. त्यांचे डोळे आले होते म्हणून त्याच सकाळी त्यांना खालच्या दवाखान्यात पाठवलं. मधला पूल वाहून गेलाय, त्यामुळे अजून बोलणं झालेलं नाही. पण दोघांपैकी एक दवाखान्यात गेला आणि एक गाडीवर, एवढं पक्कं आहे."

गुंडीने सुटकेचा श्वास सोडला. तो मला ऐकू आला. मग तिने मला कवेत घेतलं, तिच्या लहानशा हातांत मी जितकी मावले तितकी. ती रडत होती. मी रडत नव्हते. मला वाटत होतं की हे सगळं टेबलाच्या पलीकडच्या कुठल्यातरी बाईला सांगतायत आणि ती बाई उत्तर का देत नाही?

साहेबांनी एक कापडी पुडकं माझ्यासमोर ठेवलं. "एवढंच आहे," म्हणाले.

ते मी उघडलं नसतं. गुंडीने उघडलं, माझा हात एका हातात धरून. आत शर्टाचा खिसा होता, शर्टापासून कापून घेतलेला, एका बाजूने काळा पडलेला. खिशात बटवा. कडा करपून कडक झाली होती, पण काटा दिसत होता. माझा काटा. शेवटचा टाका मी नेहमी जरा लांब घालते, तोही तसाच होता.

ते बघितल्यावर मात्र मला खरं वाटलं. माझ्या तोंडातून आवाज निघाला, कसला ते मला सांगता येणार नाही. इस्त्रीवाली पाणी घेऊन आली.

गुंडी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

ती खिशाकडे बघत होती. खिशाच्या झाकणाला गुंडी होती. नवी लावलेली, दोरा अजून चकचकीत. ती कापडावरून उठून वर डोकावत होती.

"जिराफ," गुंडी म्हणाली.

बाकी कुणाला काही कळलं नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. मला कळलं. ऐकल्याबरोबर कळलं, आणि तरी मी विचारलं, "काय?"

तिने खिसा डोळ्यांजवळ नेला. गुंडीखाली नख घातलं आणि मानेभोवतीचे वेढे चाचपले. दोन काड्यांची मान. मला वाटतं ते वेढे ती मोजत असावी. मग खिसा टेबलावर सरळ पसरून ठेवला, इस्त्रीला ठेवतात तसा.

"साहेब, ही माझ्या माणसाने लावलीय."

"बाई, तुमचे यजमान दवाखान्यात—"

"दवाखान्यात हिचा आहे. हिच्या नवऱ्याला सुई धरता येत नाही. तारेने बांधतो तो. विचारा हिला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या शिवणखोलीने पाहिलं.

काय सांगू? त्या क्षणी माझ्या आत जे उसळलं त्याला आनंदच म्हणतात, दुसरा शब्द नाही. पायांपासून वर आला, पोटातून, छातीतून. मी तो अडवायला गेले आणि तो अडेना. माझी मैत्रीण माझ्या शेजारी बसलेली, तिचा हात अजून माझ्या पाठीवर, आणि मी मनात ओरडत होते, हो, हो, तारेने बांधतात! आयुष्यात मी पुष्कळ पाहिलं, पण स्वतःच्या आत तेव्हा जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

"हो," मी म्हटलं. "ह्यांना गुंडी लावता येत नाही."

साहेब म्हणाले, एवढ्यावरून काही ठरवता येणार नाही. ते बरोबरच होतं. बटवा माझा होता, कागद ह्यांच्या नावाचा होता आणि दुसऱ्या बाजूला नुसती एक गुंडी. पण त्यांनी पुडकं परत मागितलं नाही. "मी पुन्हा चौकशी करतो," म्हणाले आणि टोपी न घालताच गेले.

बायकांनी आम्हाला घरी जायला सांगितलं. गुंडी म्हणाली, "घरी जाऊन काय करू?" तिने पुढचा कोट ओढला, ओठांत गुंडी धरली आणि कामाला लागली. टाके नेहमीसारखे नीट पडत होते. मी समोर कापड घेऊन बसले होते. बराच वेळ गेल्यावर ती ओठांतूनच म्हणाली,

"काटे, तू जरा तिकडच्या टेबलावर बस."

"का गं?"

"तुझा श्वास मोठ्याने चाललाय."

मी उठून तिकडच्या टेबलावर गेले.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. या वेळी कुणाकडे बघायचं हे मला माहीत होतं आणि मला बघवत नव्हतं. बूट माझ्या टेबलासमोरून गेले, थांबले नाहीत. गुंडीसमोर थांबले. मी डोळे मिटले. मागून इस्त्रीवालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झटकला. हे जिवंत होते आणि मला कुणी हात लावलेला सहन होत नव्हता.

गुंडीचा आवाज आला नाही. अजिबात नाही. डोळे उघडले तेव्हा ती समोरच्या कोटाचा दोरा दाताने तोडत होती.

हे परत आले तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. दारातून आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती कुठाय?" मी काही म्हणायच्या आत गुंडीच दारात उभी होती. तिने त्यांना येताना पाहिलं असावं. ती आत आली आणि ह्यांच्या समोर जमिनीवर बसली. मी खुर्ची पुढे केली, तिने ती बाजूला सारली.

"भावजी, शेवटचं काय बोलला तो?"

"राहू दे ते," हे म्हणाले.

"मी उठणार नाही इथून."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला. डोळे अजून लाल होते.

"सकाळी मला डोळे उघडता येत नव्हते," ते म्हणाले. "डॉक्टरने दवाखान्यात धाडलं, गाडी त्याच्याकडे दिली. मी पिशवी बांधत होतो. तो आला, म्हणाला..." आणि थांबले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझी बायको दे जरा, माझी गुंडी तुटलीय."

मी गुंडीकडे बघायला धजेना.

"त्याची बायको पिशवीत तळाशी गेली होती," हे घाईघाईने सांगायला लागले, "आणि पिशवी गाडीत भरली होती, म्हणून माझी मागितली. तिथेच उभ्या उभ्या खिशाची गुंडी लावली त्याने. आम्ही हसलो बघ दोघं. तो आणखी काहीतरी बोलायला गेला, पण मला नेणारी दवाखान्याची गाडी निघाली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी?"

"बायको देताना. काय म्हणालात?"

"म्हटलं, उसनी आहे हां. परत आणून दे."

गुंडी हसली. खळखळून, तोंड उघडून. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले असतील. मला वाटलं, गेली ही, वेड लागलं. मी तिला धरायला पुढे झाले. ती हसतच होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. "माझी गुंडी तुटलीय," ती म्हणत होती. "मेल्या, माझी गुंडी तुटलीय!" हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

थांबल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तो बटवा मी ठेवते. त्याने उसना घेतला होता. आता देणं माझ्याकडे आलं."

मी म्हटलं, "ठेव." खिसा आधीपासून तिच्याकडेच होता. बटवा मी कपाटातून आणून दिला. त्यानंतर मी कशावर काटा घातला नाही. बटवा पुन्हा माझ्या दृष्टीस पडला नाही, आणि बटव्याला बायको म्हणणंही आमच्या घरातून गेलं. हे पुढे पुष्कळ जगले, म्हातारे झाले, आजारपणात गेले. गुंड्या शेवटपर्यंत तारेने बांधत. त्यावरून मी त्यांना पुन्हा कधी रागावले नाही.

नात ऐकत होती. हातातली प्लास्टिकची डबी तिने केव्हाच खाली ठेवली होती.

"गुंडी म्हणजे आपली गुंडीआजी?" तिने विचारलं. "समोरची?"

"दुसरी कुठली?"

गुंडी समोरच्या इमारतीत राहते, भाचीकडे. शिवणखोलीतली मुख्य होऊन निवृत्त झाली. आता गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, जीभ मात्र शाबूत आहे. संध्याकाळी ती काठी टेकत आली. नात निघणार हे तिला कळलंच होतं. नातीने तिला पलंगावर जागा करून दिली आणि एकदम गप्प बसून राहिली. अशी गप्प बसणारी पोर नव्हे ती.

"हिला काय झालं?" गुंडीने मला विचारलं. मग सामानावरून नजर फिरवली. "दोरी घेतलीस का गं?"

"घेतली, गुंडीआजी."

"बायको?"

नात माझ्याकडे बघायला लागली. "आजी शिवून देणारेय," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"आजी शिवून देणारेय!"

"हिची नजर गेलीय. ही काय शिवणार?" गुंडीने पिशवीत हात घातला आणि एक बारीक पुडकं काढलं. ते उलगडायच्या आतच मी ओळखलं. करपलेली कडा तिने निळ्या दोऱ्याने नीट बांधून घेतली होती. काटा होता तसाच होता, रंग तेवढा विटलेला. त्याला लागून तिने आपली फुली घातली होती. केव्हा घातली कोण जाणे.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तिने तो कुठेतरी पुरला असेल, नाहीतर जाळला असेल.

नातीने तो हातात घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "गुंडीआजी, हा मी कसा नेऊ? तिकडे हरवला तर?"

"म्हणून तर देतेय. उसना आहे. परत आणून द्यायचा." तिने तो नातीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली. "टपालाने नाही. कुणाच्या हातून नाही. तू स्वतः, इथे, माझ्या हातात."

"पण तुम्ही... म्हणजे बराच काळ लागेल मला यायला."

"तोवर मी आहे. तू तुझं बघ."

नातीने बटवा शर्टाच्या खिशात घातला, झाकण लावलं. गुंडीने तिला जवळ ओढलं, चष्म्याखालून खिशाकडे पाहिलं आणि झाकणाच्या बटणाला नख लावलं.

"ही कुणी लावली?"

"मशिनची आहे."

"मान नाही हिला. काढ शर्ट. काटे, काडेपेटी आण."

मी उठले. स्वयंपाकघरात सून म्हणाली, "आई, बसा, मी देते." मी तिच्या हातून काडेपेटी घेतली आणि आत आले. गुंडीने एक काडी घेतली. मग जरा थांबली आणि माझ्याकडे न बघता आणखी एकीसाठी हात पुढे केला.